कच्च्या लिंबूवरही राज्य येऊ दे

लपंडाव नाहीतर शिवणापाणी खेळलेल्या प्रत्येकीला कच्चा लिंबू ठाऊक असतो. धाकटं भावंड ‘मलापण घ्या’ म्हणून रडायला लागलं की मोठी मुलं त्याला कच्चा लिंबू करून खेळात घेत. ते सगळ्यांबरोबर पळे, लपे, ओरडे, पण सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. खेळात तर आहे, पण मोजणीत नाही, अशी ती जागा. मोठ्यांना बरं वाटे, कारण भावंड रडायचं थांबे. त्याला मात्र थोड्या दिवसांत कळून चुके की आपण पळालो काय नि उभे राहिलो काय, कुणाला काही फरक पडत नाही.

२०१७ साली प्रसाद ओक यांनी ‘कच्चा लिंबू’ नावाचा चित्रपट केला, तेव्हा हे नाव ज्यानं कुणी निवडलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे. याच गोष्टीवर दळवींनी ‘नातीगोती’ हे नाटकही लिहिलं होतं, आणि त्यातला बच्चू अतुल परचुरे यांनी केला होता. चित्रपटात तो मनमीत पेम यांनी केला आहे. बच्चू हा बुद्धीनं मागं राहिलेला, वयात आलेला मुलगा. आईवडील दोघं नोकरी करणारे, मुंबईतल्या लहानशा घरात राहणारे. त्यांचा सगळा दिवस आणि सगळी रात्र बच्चूच्या भोवती फिरते. नवराबायकोला एकमेकांसाठी वेळ असा उरतच नाही. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव यांनी ते दमलेपण असं दाखवलं आहे की बघताना आपलेच खांदे दुखायला लागतात. चित्रपट बराचसा कृष्णधवल आहे, त्यामुळं त्या घरातला कोंदटपणा आणखी अंगावर येतो. त्या वर्षी उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो योग्यच मिळाला.

आता माझं म्हणणं सांगते. मी काही समीक्षक नाही, बी.ए.ला मराठी घेतलेली आणि घर सांभाळून वाचणारी बाई आहे. पण या चित्रपटाबद्दल बोलताना आपण सगळ्याजणी एकच वाक्य बोलतो, ‘काय ती आई, काय तिचे हाल!’ हे खरंच आहे. पण बच्चूला काय वाटत असेल, हा प्रश्न थिएटरातून बाहेर पडताना आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडी आला? बच्चूचं ओरडणं, त्याचं वयात येणं, त्याचं अनावर होणं हे सगळं आईबापांवर कोसळणारं संकट म्हणून आपल्यापुढं येतं. त्या ओरडण्याच्या आत त्याची स्वतःची काही धास्ती असेल, त्याला स्वतःला काही सांगायचं असेल, तिथवर कथा जात नाही. दळवींनी आईबापांची काळजी इतकी खरी लिहिली की तिच्यापुढं मुलाची काळजी दिसेनाशी झाली. ज्याच्या नावावर चित्रपट आहे तोच त्यात कच्चा लिंबू राहिला.

दुसरा चित्रपट आपल्या पिढीचा लाडका, ‘चौकट राजा’. साल १९९१, दिग्दर्शक संजय सूरकर. दिलीप प्रभावळकरांचा नंदू ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांसमोरून तो हलत नाही. चालण्यातला तो तोल, बोलताना शब्दासाठी अडणं, कुणी प्रेमानं बोललं की सगळा चेहरा उजळणं, हे सगळं त्यांनी नक्कल न करता केलं. पण कथेची मांडणी बघा. नंदू जन्मापासून असा नाही, लहानपणी अपघात झाला आणि त्याची बुद्धी तिथंच थांबली. त्या अपघाताचं ओझं बालमैत्रीण मीनलच्या मनावर आहे. म्हणजे चित्रपटाचा सगळा भार स्मिता तळवलकरांच्या मीनलवर, तिच्या अपराधी वाटण्यावर आणि तिच्या संसारातल्या ताणावर. आपल्या कथेला अशा माणसासाठी नेहमी एक कारण लागतं. अपघात, चूक, कुणाचा तरी दोष. खऱ्या आयुष्यात बहुतेक घरांत असं बोट दाखवायला काही नसतं. मूल तसं जन्मलेलं असतं, एवढंच. तरी सासरचे विचारतात, ‘तुमच्या घराण्यात कुणी होतं काय?’ अपघाताची कथा बघून रडणं सोपं जातं, कारण त्यात नंदू ‘मूळचा आपल्यासारखा’ असतो.

‘चौकट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पत्त्यातली, दुसरी चित्राभोवतीची. दिग्दर्शकानं पहिला अर्थ घेतला, पण मला दुसराही दिसतो. आपण नंदूला एका चौकटीत बसवतो. गोड, निरागस, देवाचं लेकरू. चाळीस वर्षांच्या पुरुषालाही आपण ‘ते पोरगं’ म्हणतो. देवाच्या लेकराला राग येत नाही, भीती वाटत नाही, रात्री झोप उडत नाही, असं आपण धरून चालतो.

तिसरा चित्रपट २०१४ चा, महेश लिमये यांचा ‘यलो’. इथं मराठी चित्रपटानं खरंच एक मोठं पाऊल टाकलं. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची ही गोष्ट, आणि मोठेपणची गौरी तिनं स्वतःच केली. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. दुसऱ्या कुणी तिची नक्कल करायची गरज पडली नाही. वडिलांनी नाकारलेली मुलगी, तिच्यामागं उभी राहिलेली आई आणि मामा, कडक शिकवणारा प्रशिक्षक. ही गोष्ट बघून आनंद होतो. तरी एक शंका राहते. गौरीला जागा मिळाली ती पदकामुळं. ज्यांना पोहता येत नाही, पळता येत नाही, ज्यांचा पेपरात फोटो येणार नाही, त्यांनी काय करायचं? आपल्या गावातल्या अशा घरात पदक येणार नाही. तिथं एक पन्नाशीची, साठीची आई आहे आणि तिच्यापेक्षा पाच बोटं उंच मुलगा आहे.

तर या तिन्ही चित्रपटांत एक जागा रिकामी राहिली आहे. मोठं झालेल्या, बुद्धीनं मागं असलेल्या माणसाची स्वतःची चिंता. तिचं रूप आपल्या चिंतेसारखं नसतं, म्हणून ती ओळखू येत नाही. आपल्याला धास्ती वाटली की आपण बहिणीला फोन करतो, शेजारणीजवळ बोलतो, नाहीतर देवापुढं बसतो. ज्याच्याजवळ शंभरच शब्द आहेत तो काय करणार? तोच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारेल. हाताची कातडी ओरबाडेल. अंघोळीला नको म्हणेल. पोट दुखतंय म्हणून घराबाहेर पडणार नाही. पाहुणे आले की ताट ढकलून देईल. आणि आपण म्हणतो, ‘ते तसंच आहे.’ डॉक्टरांनाही हा धोका माहीत आहे. माणसाला आधीच एक शिक्का बसला असला की त्याची प्रत्येक तक्रार त्या शिक्क्याखाली टाकली जाते आणि वेगळा आजार, वेगळं दुःख निसटून जातं. खरं तर अशा माणसांत चिंता बरीच आढळते. जग त्यांच्याशी घाईनं बोलतं, न सांगता त्यांना इथून तिथं नेतं, आणि आईबाप म्हातारे होताना त्यांच्या डोळ्यांदेखत होतात.

इथं कलोपचाराचा विषय येतो. इंग्रजीत हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं वापरात आणला. क्षयरोगानं आजारी असताना तो आरोग्यधामात पडून चित्रं काढत होता. त्याला जाणवलं की यानं वेळ तर जातोच, पण मनही सावरतं. मग त्यानं इतर रुग्णांनाही हाताशी कागद-रंग द्यायला लावले. पुढं या कल्पनेचं शास्त्र झालं, अभ्यासक्रम झाले. शब्द कमी असलेल्या माणसासाठी ती जास्तच मोलाची ठरली, कारण चिंतेवरचे बाकीचे बरेच उपचार बोलण्यावर चालतात. ‘तुम्हाला काय वाटतं ते सांगा’ असं म्हटलं की हा माणूस तिथंच अडतो. रंगाला ‘सांगा’ म्हणावं लागत नाही.

हे काम कसं करतं, ते आपल्या भाषेत सांगायचं तर रांगोळी आठवा. मन थाऱ्यावर नसतानाही ठिपके काढायला बसलं की श्वास हळू होतो. बोटाला एकच काम पुन्हा पुन्हा मिळतं. पुढचा ठिपका कुठं येणार हे आधीच ठाऊक असतं. चिंता म्हणजे पुढं काय होणार याचीच भीती ना? तिथं निदान पुढचा ठिपका तरी नक्की. दुसरं, हिरवा घ्यायचा की तांबडा, हे आपण ठरवतो. ज्याला आज काय घालायचं, काय खायचं, कुठं जायचं यातलं काहीच ठरवता येत नाही, त्याला दिवसात एकदा तरी ‘मी ठरवलं’ असं वाटतं. तिसरं, आतलं काहीतरी बाहेर कागदावर येतं आणि दुसऱ्याला ते बघता येतं.

आमच्या ओळखीच्या एका आक्कांचा मुलगा आता चाळिशीच्या पुढं आहे. वडील गेल्यावर त्याचा एकच प्रश्न सुरू झाला, ‘बाबा कधी येणार?’ सकाळी, दुपारी, मध्यरात्री. सदऱ्याच्या कॉलरा चावून फाडायचा. आक्कांनी दवाखाना केला, औषध सुरू झालं, ते आजही आहे. त्याच सुमारास घरात पडलेली खडूची पेटी त्याच्या हाती लागली आणि तो परड्यातल्या फरशीवर रेघा मारायला लागला. उभ्या रेघा, नुसत्या उभ्या. आक्कांनी एक शहाणपण केलं. पुसल्या नाहीत, आणि ‘फूल काढ, घर काढ’ असंही म्हटलं नाही. एकदा मी गेले तर म्हणाल्या, “बघा की वैनी, मघापासनं गप बसून रेघा मारालाय.” पुढं पुढं त्यांना त्या रेघा वाचता यायला लागल्या. लेक माहेराहून परत जायची असली की आदल्या दिवशी रेघा दाट होतात, खडू मोडतो. मग आक्का त्याला जवळ घेऊन सांगतात, ताई परत येणार आहे, दिवाळीला येणार आहे. प्रश्न थांबला नाही, पण रात्रीचा कमी झाला. आणि आईला मुलाचं मन वाचायची एक पाटी मिळाली.

तुम्ही म्हणाल, रेघा म्हणजे कला कुठं? याचं उत्तर द्यायला मला लांब जावं लागेल, अमेरिकेत. तिथं ज्युडिथ स्कॉट नावाची एक बाई होऊन गेली. १९४३ चा जन्म, डाऊन सिंड्रोम. जुळी बहीण जॉइस, ती चारचौघींसारखी. ज्युडिथला ऐकूही येत नव्हतं, पण हे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. हाक मारली तर बघत नाही म्हणजे बुद्धीच तेवढी, असं धरलं गेलं. सात वर्षांची असताना तिला संस्थेत टाकलं आणि पस्तीस वर्षं ती तिथं राहिली. शेवटी जॉइसनं बहिणीचं पालकत्व मागून घेतलं आणि तिला कॅलिफोर्नियात आपल्याजवळ आणलं.

तिथं ओकलंड शहरात ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचं कलाकेंद्र आहे. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ ही चित्रकार आणि तिचा मानसशास्त्रज्ञ नवरा एलियास कॅट्झ यांनी १९७४ साली ते आपल्या घराच्या गॅरेजमध्ये सुरू केलं. १९८७ पासून ज्युडिथ तिथं जाऊ लागली. जवळजवळ दोन वर्षं तिनं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. कागद-रंगात तिचं मन नव्हतं. कुणी तिला हुसकलं नाही, कुणी हात धरून गिरवून घेतलं नाही. मग एकदा धाग्यांचं काम करणारी एक कलावंत तिथं शिकवायला आली आणि ज्युडिथनं काठ्या घेऊन त्यांना धागा गुंडाळायला सुरुवात केली. पुढं २००५ साली मरेपर्यंत ती गुंडाळत राहिली. हाती लागेल ती वस्तू मधे ठेवायची, कधी दुसऱ्याचीही, आणि तिच्याभोवती सूत, लोकर, चिंध्या अशा आवळायच्या की आत काय आहे ते दिसू नये. दोनशेच्या आसपास कामं तिनं केली. काही माणसाएवढी मोठी. तिच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

त्या कामांची छायाचित्रं बघताना मला आपल्या वडगाव-शहापूरचे माग आठवले. मागावरच्या धाग्याला शिस्त असते, ताणा आणि बाणा, सरळ आणि आडवा. ज्युडिथच्या धाग्याला अशी शिस्त नाही, पण तो सैलही नाही. कुठं निळा इतका घट्ट की गाठ फुटेल असं वाटावं, कुठं मऊ पिवळा वरून हळूच फिरवलेला, जखमेवर पट्टी बांधावी तसा. काही कामांत दोन आकृत्या एकमेकींना बिलगल्यासारख्या दिसतात, आणि बघणाऱ्याला जुळ्या बहिणी आठवतात. तिच्या मनात तसं होतं का, हे सांगायला तिच्याजवळ बोली नव्हती. म्हणून मी तसं म्हणणार नाही. पण पस्तीस वर्षं संस्थेत काढलेली बाई, जिची स्वतःची म्हणावी अशी वस्तू नव्हती, ती हाती आलेली प्रत्येक वस्तू जपून, झाकून, बांधून ठेवते, हे बघून गळा दाटतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, काम संपलं हे तीच ठरवायची. संपलं की ते बाजूला सारायची आणि दुसरं घ्यायची. ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार तिचा. माझ्या भाषेत, तिच्यावर राज्य आलं होतं.

लक्षात घेण्यासारखं हे की ते केंद्र स्वतःला उपचाराचं ठिकाण म्हणवत नाही. ते म्हणतात, इथं कलाकार काम करतात. मला यात विरोध दिसत नाही. मन शांत झालं म्हणून कला कमी होत नाही, आणि कला चांगली झाली म्हणून मन आपोआप शांत होतं असंही नाही. पण माणसाला ‘तू इथला रोगी’ म्हणण्याऐवजी ‘तुझं काम दाखव’ म्हटलं, तर त्याचा ताण तिथंच थोडा उतरतो.

आता आपल्याकडं या. दर दिवाळीला अशा मुलामुलींनी रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, भेटकार्डं विक्रीला येतात. आपण घेतो, घ्यावीतच. चार पैसे त्यांच्या संस्थेला मिळतात, आणि आपल्या कामाला मागणी आहे हे त्यांना कळतं, ते लहान सुख नाही. पण समीक्षा करायची तर चांगल्या हेतूचीही करावी लागते. त्या पणत्या जवळून बघा. सगळ्या सारख्या. ठिपके तेच, रंग तेच, कडा नीट. एवढ्या वेगवेगळ्या माणसांचे हात एकसारखे कसे चालतील? शेवटचा हात दुसऱ्याच कुणाचा तरी फिरलेला असतो. तसंच छापील चित्राच्या कागदाचं. मोराची बाह्यरेषा आधीच काढलेली, आत रंग भरायचा. रंग रेषेबाहेर गेला की शेजारी बसलेली बाई हात धरते. म्हणजे पुन्हा चौकट, पुन्हा चुकण्याची भीती. ज्यानं चिंता उतरावी त्याचीच परीक्षा झाली. कुणाला छापील मोर रंगवण्यात खरंच गंमत वाटत असेल तर त्याला तो द्यावा. फक्त निवड त्याची असावी, आणि बाहेर गेलेला रंग बाहेरच राहू द्यावा.

एक आक्षेप मी अनेकींच्या तोंडून ऐकला आहे. ‘रेघा मारून काय पोट भरणार आहे? आमच्यामागं याचं काय?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. आईच्या पोटातला हा गोळा मोठा आहे. त्यासाठी कायदे आहेत, ते माहीत करून घ्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरच्या अशा मुलासाठी पालक नेमून घेता येतो, आणि तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं जातो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंत खर्च देते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, त्यात बौद्धिक दिव्यांगत्व आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात त्यालाच मानसिक मागासलेपणाचं नाव होतं. कायद्याची भाषा बदलली, आपल्या जिभेवरची बदलायची आहे. पण कागद झाले तरी तो मुलगा त्या दिवसांत जगणार कसा? आई गेल्यावर भावाच्या घरी, नाहीतर संस्थेत, अनोळखी माणसांत. त्या वेळी हातात आपलं असं एक काम असलेला माणूस आणि रिकाम्या हाताचा माणूस यांत फरक पडेल. खडूची पेटी, लोकरीचा गुंडा तो बरोबर नेऊ शकतो. आईला बरोबर नेता येत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालची, पुण्याची कामायनी १९६४ सालची. म्हणजे मुलांसाठी आपल्याकडं काम जुनं आहे. पण वय वाढलं की शाळा संपते, आणि मग बहुतेकांच्या वाट्याला घरचा कोपरा येतो. मोठ्यांसाठी राहण्याची आणि हातांनी काम करण्याची जागा, मुळशी तालुक्यात कोळवणजवळ साधना व्हिलेज आहे तशी, फार थोड्या ठिकाणी आहे. आपल्या सीमाभागात अडचण आणखी एक. घरी मराठी, दाखल्याचा अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजीत, डॉक्टरांची भाषा तिसरीच. तुमच्या-माझ्यासारखीला तिन्ही भाषा मोडक्यातोडक्या जमतात. ज्याला एकाच भाषेचे शंभर शब्द येतात त्याची काय गत? दवाखान्यात त्याच्या वतीनं आई बोलते, आणि ती बोलते ते तिच्या मनातलं. अशा वेळी त्यानं काढलेले चार कागद बरोबर नेले तर निदान त्याची बाजू टेबलावर येते.

मी हे सगळं औषधाला पर्याय म्हणून सांगत नाही. झोप गेली, वजन उतरलं, माणूस स्वतःला इजा करू लागला, तर आधी डॉक्टर. शिकलेला कलोपचारक मिळाला तर त्याहून चांगलं, कारण कागदावर आलेलं दुःख सांभाळायलाही जाणतं माणूस लागतं. आजवरचे अभ्यास लहान लहान गटांवरचे आहेत, त्यांतून चमत्काराची ग्वाही कुणी देऊ नये. पण खडू, माती आणि सूत यांना चिठ्ठी लागत नाही. आणि माती तर आपल्या दाराशी आहे, खानापूरची कुंभारकला काय कमी नावाजलेली आहे?

शेवटी आपल्या मंडळातल्या श्राविकांसाठी दोन शब्द. बस्तीत विधान असतं तेव्हा रंगीत तांदळाचं मंडल मांडतात. आपण बायका तासन्‌तास मांडी घालून बसतो, एकेक कोठा भरतो, आणि उठताना मन कसं निवळलेलं असतं ते सांगायला नको. त्या मंडलाभोवती आपल्या समाजातली अशी किती माणसं बसलेली आपण पाहिली आहेत? त्यांना आपण मागं भिंतीला टेकवून बसवतो, हातात प्रसाद देतो. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार असले तर आतल्या खोलीत पाठवतो. जीवमात्राला इजा करू नये हे आपण मुंगीपासून शिकवतो. आतल्या खोलीत बसवलेल्या माणसाला काय होत असेल, त्याची गणती कशात करायची? मंडलाचा एक कोठा त्याच्या हाती द्या. तांदूळ रेषेबाहेर जातील. जाऊ देत. विधीच्या शुद्धतेची काळजी वाटली तर शेजारी एक वेगळा पाट मांडा, पण त्यावर नंतर आपला हात फिरवू नका.

आणि आपल्या चित्रपटवाल्यांकडं माझं एक मागणं आहे. पुढचा बच्चू, पुढचा नंदू तुम्ही दाखवाल तेव्हा दोन मिनिटं कॅमेरा त्याच्या आईच्या चेहऱ्यावरून काढा. त्याच्या हातांवर ठेवा. तो काहीतरी गुंडाळत असेल, ओढत असेल, मळत असेल. मागं संगीत नको, कुणाचे अश्रू नकोत. त्याचं काम होईस्तोवर थांबा, आणि झालं की नाही हे त्यालाच सांगू द्या.